जुन्या मोटारीचा ईसीएम बदलताना

इंजेक्शनवर चालणाऱ्या पेट्रोल मोटारीत कोणत्या सिलिंडरला किती पेट्रोल द्यायचे आणि प्लगमध्ये ठिणगी नेमकी केव्हा पाडायची, हे एक इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. तिचे नाव इंजिन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच ईसीएम. काही कंपन्या तिला ईसीयू म्हणतात. पेटी बहुधा ॲल्युमिनियमची, वहीच्या आकाराची, एका बाजूला रुंद कपलर बसवलेली असते. बऱ्याच गाड्यांत ती ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा चालकाशेजारी बसणाऱ्याच्या पायांपाशी डॅशबोर्डखाली असते, तर काही गाड्यांत बॉनेटखाली, बॅटरीजवळ. ही पेटी बिघडली की गाडी एकतर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन अशी वागते की एकामागून एक सुटे भाग बदलले जातात आणि दोष जागचा हलत नाही.

जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीसाठी डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत बाजारात आणली. १९७९ मध्ये त्याच कंपनीच्या मोट्रॉनिक यंत्रणेने पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच डिजिटल पेटीकडे सोपवली. ती यंत्रणा प्रथम बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत बसली. भारतात सर्वसामान्यांच्या गाड्यांत मात्र पुढेही बरीच वर्षे कार्ब्युरेटरच होता. १९९८ मध्ये आलेली ह्युंदाई सँट्रो पहिल्यापासून एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, इंजिनाची होती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या खासगी मोटारींना आधी युरो-१ आणि एप्रिल २००० पासून युरो-२ हे प्रदूषणाचे निकष लागू केले. मुंबईसारखी महानगरे लगोलग त्या वाटेने गेली आणि २००५ मध्ये युरो-२ च्या तोडीचे भारत स्टेज-२ निकष देशभर आले. साध्या कार्ब्युरेटरला हे निकष झेपणारे नव्हते. मारुती ८०० पासून एस्टीमपर्यंत सगळ्या पेट्रोल गाड्यांत ईसीएम आला तो या दडपणामुळे. त्या पिढीतल्या ज्या गाड्या अजून धावताहेत, त्यांच्या पेट्यांनी कितीतरी पावसाळे पाहिले आहेत.

ईसीएमचे काम समजले की त्याचे दुखणे समजायला सोपे जाते. क्रँकशाफ्टपाशी बसवलेला सेन्सर त्याला इंजिन किती वेगाने आणि कोणत्या अवस्थेत फिरते आहे हे कळवतो. मॅनिफोल्डमधला दाब, थ्रॉटलची उघडीप, कूलंटचे तापमान आणि सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन यांचे संदेश वेगवेगळ्या तारांनी येतात. यातल्या बऱ्याच सेन्सरांना ईसीएम स्वतःच ५ व्होल्टचा पुरवठा करतो. या माहितीवरून तो आपल्या स्मृतीतल्या तक्त्यातून आकडा काढतो आणि इंजेक्टर तेवढा वेळ उघडा ठेवतो. आयडलिंगला हा वेळ काही मिलिसेकंदांचाच असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पाडाव्या लागतात आणि प्रत्येक ठिणगीची वेळ नव्याने ठरवावी लागते.

पेटी उघडली तर आतल्या सर्किटच्या पाटीचे ढोबळ तीन विभाग दिसतात. पहिला वीजपुरवठ्याचा: बॅटरीच्या १२ व्होल्टमधले चढउतार गाळून तो आतल्या भागांना स्थिर ५ व्होल्ट देतो. दुसरा प्रोसेसर आणि स्मृतीच्या चिप्सचा. तिसरा ड्रायव्हरांचा, म्हणजे इंजेक्टर, कॉइल, आयडल व्हॉल्व्ह आणि रिले यांचा प्रवाह प्रत्यक्ष चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा. लोकांना वाटते की ईसीएम गेला म्हणजे प्रोसेसर जळाला. तसे क्वचितच घडते. बिघाड बहुतेक वेळा पहिल्या किंवा तिसऱ्या विभागात असतो, कारण बाहेरच्या तारांचा मार तेच भाग खातात.

कोकणात आणि मुंबईत ईसीएमचा पहिला शत्रू पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी सीटपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. ज्या गाड्यांची पेटी पायांपाशी होती, तिथे पाणी थेट पेटीत गेले. पण पूर नसतानाही पाणी आत शिरते. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली की ते डॅशबोर्डखाली ठिबकते. पुढच्या काचेच्या रबराला फट पडली तर पावसाचे पाणी वायरिंगवरून ओघळत कपलरपर्यंत येते. तारेच्या आवरणाला कुठे छेद असेल तर ते आतल्या तांब्याच्या बारीक धाग्यांमधून हळूहळू सरकत पेटीतही पोचू शकते. पाण्यापेक्षाही घातक असते ती त्या पाण्यात दिलेली वीज. ओल्या पाटीला बॅटरीचा पुरवठा मिळाला की तांबे झपाट्याने गंजते आणि पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड जमते. म्हणून पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवून पाहण्याचा मोह टाळावा आणि सर्वात आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. तेवढ्याने अनेक पेट्या वाचतात.

दुसरे कारण वयाचे आहे. वीजपुरवठ्याच्या विभागात ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्यांसारखे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर असतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तळाला रबराचे बूच. १९९० च्या आसपासच्या काही जपानी गाड्यांत, विशेषतः अमेरिकेत विकल्या गेलेल्या मित्सुबिशी इक्लिप्ससारख्या गाड्यांत, हे बूच झिरपू लागले आणि जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींमध्ये हा दोष सर्वश्रुत झाला. अशी पेटी उघडली की आधी जाणवतो तो मासळीसारखा वास. कॅपॅसिटरभोवती पाटीची चकाकी गेलेली असते, पायांशी तपकिरी डाग असतो आणि त्याच्याखालची तांब्याची रेष काळी किंवा हिरवी पडलेली असते. दोष सुरुवातीला गमतीशीर वाटावा असा दिसतो: सकाळी गाडी थोडी अडखळते, गरम झाली की नीट चालते. हळूहळू द्रव शेजारच्या रेषाही खातो. वेळीच पकडले तर पाटी अल्कोहोलने स्वच्छ करून, नवे कॅपॅसिटर सोल्डर करून आणि तुटलेली रेष बारीक तारेने जोडून पेटी पुन्हा कित्येक वर्षे चालते. जुन्या गाडीसाठी यापेक्षा चांगली आणि स्वस्त दुरुस्ती नाही.

तिसऱ्या कारणात दोष पेटीचा नसतोच. इग्निशन कॉइलची आतली गुंडाळी शॉर्ट झाली, की तिच्यातून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह वाहतो आणि ईसीएममधला ड्रायव्हर जळतो. आयडल व्हॉल्व्हच्या मोटरचेही तसेच. इंजेक्टरचा ड्रायव्हर दोन रीतींनी जातो. तो उघडा राहिला तर इंजेक्टर बंद पडून एक सिलिंडर मिसिंग करतो. तो शॉर्ट झाला तर मात्र प्रकरण गंभीर होते: इंजेक्टर सतत उघडा राहतो, सिलिंडर पेट्रोलने भरतो, ऑइल पातळ होते आणि सेल्फ मारताच इंजिन अडकू शकते. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास येत असेल तर अशी गाडी पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये.

याशिवाय माणसाच्या हातून होणारे घात आहेत. जंप स्टार्ट देताना केबल उलट्या लागणे, बॅटरी न काढता पत्र्याचे वेल्डिंग करणे, अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १६-१७ पर्यंत चढणे, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टमसाठी हाती लागेल त्या तारेला जोड देणे. सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत किटच्या तारा इंजेक्टरच्या वायरिंगमध्येच जोडलेल्या असतात आणि तिथला एखादा सैल जोड हुबेहूब खराब ईसीएमसारखी लक्षणे दाखवतो. उंदरांनी कुरतडलेल्या तारांचेही तेच. पार्किंगमध्ये महिनाभर उभी राहिलेली गाडी अचानक 'ईसीएम गेला' म्हणून ढकलत गॅरेजमध्ये येते, तेव्हा पेटीला हात लावण्याआधी वायरिंगचा जुडगा टॉर्चच्या उजेडात टोकापासून टोकापर्यंत पाहणे शहाणपणाचे.

ईसीएमवर दोष ठेवायचा तो बाकी सगळे तपासून झाल्यावर. पेटी महाग असते, बदलणे सोपे असते आणि म्हणूनच घाईने बदलली जाते. तपासाची सुरुवात एका दिव्यापासून होते. किल्ली ऑनवर फिरवली की, इंजिन सुरू होण्याआधी, मीटरमधला चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. तो लावण्याचे काम ईसीएमचे. दिवा लागला तर पेटीला वीज मिळते आहे आणि निदान थोडी तरी जाग आहे. दिवा मुळीच लागला नाही तर आधी फ्यूज, मुख्य रिले आणि खुद्द दिवा पाहायचा; मुख्य रिलेचे झिजलेले टोक हे 'मेलेल्या' ईसीएमचे नेहमीचे कारण आहे. बॅटरी शांत असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली घसरत असेल तर ईसीएम मध्येच झोपतो, आणि तिथे बॅटरी बदलली की पेटीचा दोष नाहीसा होतो.

त्यानंतर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट. येथे घाई करणाऱ्यांची सर्वात जास्त फसगत होते, म्हणून ही चाचणी सविस्तर सांगण्यासारखी आहे. नुसती तार जोडलेली आहे का हे ओहम मोजून पाहणे पुरत नाही. दहा धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी मीटर 'जोड आहे' असेच सांगतो. मीटर व्होल्टवर ठेवून त्याचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि लाल टोक ईसीएमच्या अर्थच्या पिनवर, कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने, लावायचे. मग इंजिन चालू करून हेडलाइट आणि एसीचा पंखा लावायचा. मीटरने ०.१ व्होल्टपेक्षा कमी दाखवायला हवे. ०.३ किंवा ०.४ दिसले तर अर्थचा बोल्ट गंजला आहे. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण ऑक्सिजन सेन्सरचा सगळा खेळ ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान चालतो. एकाच तारेचा ऑक्सिजन सेन्सर आपला अर्थ थेट पाइपमधून, म्हणजे इंजिनाकडून घेतो. ईसीएमचा अर्थ इंजिनापेक्षा ०.३ व्होल्ट वर असेल, तर सेन्सरचा आकडा त्याला तेवढाच खाली दिसतो. मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे समजून ईसीएम जास्त पेट्रोल ओतत राहतो. गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज पडते, सेन्सर बदलला जातो, मग ईसीएम बदलला जातो, आणि बॉनेटखालचा तो एक बोल्ट कोणी घासून स्वच्छ करत नाही.

सेन्सरांच्या ५ व्होल्टचीही अशीच गोष्ट. एका सेन्सरची तार इंजिनाला घासून शॉर्ट झाली की पाच व्होल्टची ती वाटच खाली बसते आणि मग चार सेन्सर एकदम खराब असल्याचे दिसते. अशा वेळी एकेक सेन्सरचा कपलर काढत मीटरकडे पाहायचे. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, दोष त्याच फांदीवर आहे. सगळे कपलर काढूनही ५ व्होल्ट आले नाहीत आणि वायरिंग निर्दोष निघाले, तर संशय खऱ्या अर्थाने पेटीवर जातो.

स्कॅनर मदत करतो, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे गाडीच्या वयावर ठरते. भारतात ओबीडीची, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतः ओळखून नोंदवण्याच्या व्यवस्थेची, पहिली पायरी एप्रिल २०१० पासून आणि दुसरी एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत सोळा पिनांचा कपलर असला, तरी बोलण्याची भाषा कंपनीची स्वतःची असते आणि स्वस्त स्कॅनरला ती कळत नाही. त्याहून जुन्या सुझुकी पद्धतीच्या गाड्यांत तपासणीच्या कपलरमधल्या दोन पिना तारेने जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. एक लुकलुक, विराम, मग दोन, म्हणजे १२, याचा अर्थ दोष नाही. ओबीडीच्या प्रमाण यादीत पी ०६०१ हा स्मृतीचा आणि पी ०६०६ हा प्रोसेसरचा दोष आहे. हे कोड पुसूनही पुन्हा येत असतील आणि पुरवठा व अर्थ चोख असतील, तर निदान बऱ्यापैकी पक्के. पी ०२०१ सारखा कोड मात्र पहिल्या इंजेक्टरच्या सर्किटचा आहे. त्यात इंजेक्टर, तार आणि ड्रायव्हर तिघेही येतात. इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम आहे, तार अखंड आहे, तरीही सेल्फ मारताना कपलरमध्ये लावलेला छोटा परीक्षण-दिवा लुकलुकत नाही आणि बाकी तीन ठिकाणी लुकलुकतो, तर ड्रायव्हर गेलेला आहे.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर मुकाट सुरू होणारी गाडी सगळ्यांना चकवते. यात बहुतेकदा क्रँक सेन्सर दोषी निघतो. तो निर्दोष ठरला, तर पेटीतल्या सोल्डरला गेलेल्या केसाएवढ्या तड्याचा विचार करावा. इंजिन आयडलिंगला ठेवून पेटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने हलके टिचक्या मारल्यावर इंजिन दचकत असेल, तर तडा आहे. तो पुन्हा सोल्डर करता येतो.

दोष पेटीचाच ठरला की पुढचा प्रश्न येतो, दुसरी कोणती घ्यायची. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या पेट्या आतून वेगळ्या असतात. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गियर, एसी असलेली आणि नसलेली गाडी, भारत स्टेज-२ आणि स्टेज-३, यांचे तक्ते निराळे. म्हणून लेबलवरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. बॉशच्या पेट्यांवर दहा आकडी क्रमांक असतो. पेट्रोलसाठी तो ०२६१ ने आणि डिझेलसाठी ०२८१ ने सुरू होतो. कपलर बसतो म्हणून पेटी चालेल, हा समज महाग पडतो. जवळपासच्या क्रमांकाची पेटी लावली तर गाडी सुरूही होईल, पण इंजेक्टरचा आकार वेगळा असला तर मिश्रण कायम चुकीचे राहील.

नवी पेटी कंपनीकडे मिळाली तर प्रश्नच नाही, परंतु बंद झालेल्या मॉडेलची ती सहसा मिळत नाही. मग कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातली वापरलेली पेटी किंवा आहे तिचीच दुरुस्ती, असे दोन मार्ग उरतात. ज्या पेटीत फक्त ड्रायव्हर किंवा कॅपॅसिटर गेला आहे, तिची दुरुस्ती हाच उत्तम मार्ग. तीच पेटी, तोच डेटा, त्याच किल्ल्या. वापरलेली घेताना बिल घ्यावे, पिना उजेडात पाहाव्या आणि स्क्रूंवर पूर्वी उघडल्याच्या खुणा आहेत का ते बघावे. पाण्यातून निघालेल्या गाडीची पेटी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

वापरलेल्या पेटीतली खरी अडचण असते ती इमोबिलायझरची. किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीक चिप असते, किल्लीच्या खाचेभोवती अँटेनाचे कडे असते, आणि त्या चिपचा कोड ईसीएममध्ये नोंदलेल्या कोडशी जुळला नाही तर ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो. गाडी क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडते आणि मीटरमधला किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो. मारुतीच्या गाड्यांत ही व्यवस्था आयकॅट्स या नावाने आली. यावर तीन उपाय आहेत. एकाच गाडीतला ईसीएम, इमोबिलायझर आणि किल्ली असा पूर्ण सेट घ्यायचा. किंवा अधिकृत उपकरणाने आणि गाडीच्या पिन-कोडने नव्या पेटीला जुन्या किल्ल्या शिकवायच्या. किंवा जुन्या पेटीतल्या ईईप्रॉम या आठ पायांच्या चिपमधला मजकूर वाचून तो दुसऱ्या पेटीतल्या तशाच चिपमध्ये उतरवायचा. याला क्लोनिंग म्हणतात. प्रोसेसर मेलेला असला तरी ही चिप बहुधा शाबूत असते, त्यामुळे क्लोनिंग जुन्या गाड्यांना फार उपयोगी पडते. काही जण इमोबिलायझर कायमचा बंद करून देतात. ते करू नये, कारण मग ती गाडी चिप नसलेल्या साध्या नकली किल्लीनेही चोरता येते.

पेटी बसवण्याआधी जुनी कशाने मेली याचे उत्तर हाती असायला हवे. कॉइल, इंजेक्टर आणि आयडल व्हॉल्व्ह यांचे रोध मोजून गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडावेत, अल्टरनेटरचे व्होल्टेज पाहावे, गळती बंद करावी. शॉर्ट कॉइल तशीच ठेवून लावलेली नवी पेटी पहिल्याच दिवशी जळते. मग किल्ली काढून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे आणि काही मिनिटे थांबावे. हातातली स्थिर वीज जाण्यासाठी गाडीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करून मगच पेटी हाताळावी; पिनांना बोट लावू नये. कपलर कुलपाच्या पट्टीने सोडवायचा असतो, तारांना धरून ओढायचा नसतो. मादी पिनांत मीटरचे जाड टोक खुपसले की त्या फाकतात आणि नवा दोष तयार होतो. पेटी तिच्या मूळ जागीच, सगळे स्क्रू लावून बसवावी आणि वायरिंग खालून वर येऊन कपलरला मिळेल असे वळवावे, म्हणजे वरून आलेले पाणी वळणाच्या तळाशी ठिबकून जाते.

बॅटरी जोडल्यावर लगेच सेल्फ मारू नये. किल्ली ऑन करून चेक इंजिनचा दिवा लागतो का, किल्लीचा दिवा लागून विझतो का आणि पेट्रोल पंप सेकंद-दोन सेकंद गुणगुणून थांबतो का, हे पाहावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाड्यांत थ्रॉटलची बंद जागा ईसीएमला शिकवावी लागते. त्याची रीत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे आयडलिंग वरखाली होणे स्वाभाविक आहे. नव्या पेटीला या इंजिनाची सवय नसते, ती लागायला शहरात आणि हमरस्त्यावर मिळून थोडी धाव लागते. त्यानंतर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे तक्त्यातल्या आकड्यात ईसीएम करत असलेली पेट्रोलची वाढ-घट, पाहावा. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत स्थिरावला असेल तर तक्ता आणि इंजिन जुळले आहे. सतत २० च्या पुढे असेल तर पेटीचा क्रमांक पुन्हा तपासावा किंवा हवेची गळती शोधावी. पीयूसी केंद्रावरच्या यंत्रातही हे दिसते: भारत स्टेज-२ आणि ३ च्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर धड असलेली, नीट ट्यून झालेली गाडी तिच्या बरीच खाली राहते.

जुनी पेटी भंगारात देऊ नये. तिच्या चिपमध्ये गाडीच्या किल्ल्यांचा कोड आणि बऱ्याच गाड्यांत चासिस क्रमांकही असतो. पुढे नवी पेटी बिघडली तर पुन्हा क्लोनिंगसाठी तोच मूळ मजकूर लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी, गाडीच्या कागदपत्रांसोबत ती ठेवावी आणि लेबलवर काढल्याची तारीख व सापडलेला दोष लिहून ठेवावा.